अंतराळवीरांचा रक्तदाब आणि मीठ-पाण्याचा सल्ला : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

२०२५ च्या मार्चमध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतले, त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश घरोघर पोहोचला. जुलैमध्ये शुभांशु शुक्ला परतल्यावर तोच संदेश नावे बदलून पुन्हा फिरला. कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या गटावर तो आला, सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या गटावर आला, आणि मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे हे ठाऊक असलेल्या तिघांनी तो मला स्वतंत्रपणे पाठवून 'हे खरे का?' असे विचारले.

संदेशातील म्हणणे थोडक्यात असे आहे. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे सगळे रक्त डोक्याकडे चढते आणि रक्तदाब धोकादायक पातळीवर जातो. हृदय आक्रसून निकामी होऊ लागते. परतलेल्या अंतराळवीरांना म्हणूनच स्ट्रेचरवरून न्यावे लागते. त्यांच्या शरीरातील रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा कायमची बिघडते आणि पुढे ते हृदयविकारानेच दगावतात. शेवटी तात्पर्य म्हणून एक उपाय दिलेला आहे : नासाचे अंतराळवीर रक्तदाब ठीक राहावा म्हणून मीठ-पाणी पितात, तेव्हा आपणही रोज सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ घालून प्यावे, म्हणजे रक्तदाब 'सेट' होतो.

पहिली चार विधाने केवळ अर्धवट असती, तर मी तिघांना तोंडी उत्तर देऊन थांबलो असतो. परंतु खालच्या मजल्यावरच्या काकांनी हा उपाय नऊ दिवस केला. काका ७४ वर्षांचे आहेत आणि गेली बारा वर्षे उच्च रक्तदाबाची गोळी घेत आहेत. सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी त्यांची तक्रार होती. संदेशात अंतराळवीरांना नेमके तसेच होते असे वाचले आणि उपायही त्यांना आपलाच वाटला. दहाव्या दिवशी सकाळी डोके जड झाले म्हणून काकूंनी मला खाली बोलावले. त्या दिवशी त्यांच्या पलंगाशेजारी बसून घेतलेले आकडे या लेखात पुढे येतील, कारण अंतराळवीरांची जी चाचणी उतरल्यावर केली जाते तीच, अगदी लहान प्रमाणात, मी काकांची केली.

आधी उभे राहण्याविषयी

माणूस आडवा असताना डोके, हृदय आणि पाय साधारण एका पातळीवर असतात. तो उभा राहिला की काही सेकंदांत अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पाय यांच्या शिरांमध्ये उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढ्याने कमी होते, आणि जे परतलेच नाही ते हृदय पुढे ढकलू शकत नाही. म्हणजे प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते. असे असूनही आपल्याला दिवसातून शंभर वेळा उठताना काही होत नाही, याचे श्रेय मानेतील आणि छातीतील दाबसंवेदकांना जाते. जबड्याच्या कोपऱ्याखाली बोट ठेवल्यावर जेथे नाडी लागते, तेथेच कॅरॉटिड धमनीच्या फुगीर भागात हे मज्जातंतूंचे टोक बसलेले असतात. महाधमनीच्या कमानीतही असतात. धमनीची भिंत किती ताणली गेली हे ते मेंदूच्या तळाशी कळवत राहतात. ताण कमी झाला की एक-दोन ठोक्यांच्या आत हृदयाचा वेग वाढतो, आणि पुढच्या काही सेकंदांत पाय व पोट यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. पोटऱ्यांचे स्नायू आपल्या परीने शिरांतील रक्त वर ढकलत असतात.

ही व्यवस्था निरोगी तरुणातही अपुरी पडू शकते. उन्हात तासभर ताठ उभ्या असलेल्या कॅडेटला परेडच्या मैदानावर भोवळ येते ती याच कारणाने. पाय हलत नाहीत, पोटऱ्या काम करत नाहीत, घामाने पाणी गेलेले असते, आणि रक्त खाली साचत जाते. त्याला आडवे करून पाय वर उचलले की तो मिनिटभरात डोळे उघडतो. त्याचे हृदय बिघडलेले नसते आणि त्याला रक्तदाबाचा रोगही झालेला नसतो. राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला हे दोघेही आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. परेडवर ताठ उभे राहण्याचे शिक्षण त्यांनी येथे घेतले, आणि पुढे जेथे गेले तेथे 'उभे राहणे' ही क्रियाच अस्तित्वात नाही. संदेशाने ज्याला बिघाड म्हटले आहे, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

'रक्त डोक्यात चढते आणि रक्तदाब भयंकर वाढतो'

अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि तेथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक आणि त्यातील माणसे पृथ्वीभोवती एकत्रच पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही. ही चूक शालेय आहे आणि तिच्यावर अधिक जागा खर्च करण्याचे कारण नाही.

रक्त व इतर द्रव वरच्या अंगाकडे सरकतात, हे मात्र खरे आहे. पायांतून दोन लिटरपर्यंत द्रव वर येतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदते आणि पाय बारीक होतात. यावरून रक्तदाब वाढत असणार, हा अंदाज सामान्य वाचकानेच केला असे नाही. तज्ज्ञांचाही एके काळी तसाच होता. छातीत रक्त भरले म्हणजे हृदयात शिरणाऱ्या मोठ्या शिरेतील दाब वाढलाच पाहिजे, असे सर्वांना वाटत होते. १९९१ मध्ये कोलंबिया यानातून गेलेल्या स्पेसलॅब या अंतराळातील प्रयोगशाळेच्या मोहिमेत ते प्रत्यक्ष तपासले गेले. उड्डाणापूर्वीच अंतराळवीराच्या शिरेतून बारीक नळी हृदयाजवळ नेऊन ठेवलेली होती. वजनरहित अवस्थेत पोहोचल्यावर तो दाब वाढला नाही, उलट खाली आला, आणि तरीही हृदय अधिक भरलेले दिसले. छातीच्या पिंजऱ्यावरचा आणि अवयवांवरचा भार नाहीसा झाल्याने हृदयाला पसरायला जागा मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. वर्गात हा प्रयोग सांगताना मला दरवेळी आनंद होत असे, कारण सर्वांना मान्य असलेला तर्क एका मोजणीने कसा मागे घ्यावा लागतो, हे विद्यार्थ्यांना त्यातून दिसे.

दंडावर पट्टा बांधून आपण मोजतो तो रक्तदाबही वाढत नाही. स्थानकावर तीन ते सहा महिने राहिलेल्या आठ अंतराळवीरांचा रक्तदाब चोवीस तास नोंदवून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तो जमिनीवरच्या मानाने सरासरी ८ ते १० मिलिमीटरने कमी आढळला. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त ४१ टक्क्यांनी वाढले होते, पण रक्तवाहिन्या त्याहून अधिक सैलावल्या होत्या. उच्च रक्तदाबाच्या रुग्णात जे घडते त्याच्या हे नेमके उलट आहे. डोक्याकडच्या शिरांतील रक्तप्रवाह मंदावणे, दृष्टीत बदल होणे, असे अंतराळातील दुसरे प्रश्न गंभीर आहेत आणि त्यांवर संशोधन चालू आहे; परंतु त्यांना 'बीपी वाढणे' म्हणता येत नाही.

'हृदय आक्रसून निकामी होते'

यातील 'आक्रसते' हा शब्द ठेवावा आणि 'निकामी' हा खोडावा. हृदय हा स्नायू आहे आणि काम कमी झाले की स्नायू लहान होतो. अमेरिकेच्या स्पेस शटल यानाच्या दहा दिवसांच्या उड्डाणानंतर डाव्या निलयाचे, म्हणजे सर्व शरीराला रक्त पुरवणाऱ्या कप्प्याचे वस्तुमान सुमारे १२ टक्क्यांनी घटलेले आढळले होते. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस स्थानकावर राहिले, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही घट सुमारे एक चतुर्थांश भरली. आकडा ऐकून धक्का बसतो. पण त्याच अभ्यासात हे हृदय आपले काम नीट करत होते, असेही नमूद आहे. बारा अंतराळवीरांच्या सोनोग्राफीत हृदय अंतराळात ९.४ टक्क्यांनी अधिक गोलाकार झालेले दिसले आणि परतल्यावर ते पूर्वीच्या आकारावर आले.

यासाठी अंतराळात जावे लागते असेही नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत डलास येथे पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले होते. त्यांची परिश्रम करण्याची क्षमता एवढी घसरली, की तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा तीन दशकांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. ज्यांच्या घरी मांडीचे हाड मोडल्याने महिनाभर अंथरुणाला खिळलेली आजी आहे, त्यांनी हा प्रयोग पाहिलेलाच आहे. पहिल्यांदा उठवून बसवताना तिला घेरी येते, ती हृदय निकामी झाले म्हणून येत नाही.

'म्हणून तर त्यांना स्ट्रेचरवरून नेतात'

या विधानात सत्याचा अंश मोठा आहे, आणि तो मी लपवू इच्छित नाही.

१९७० च्या जूनमध्ये आंद्रियान निकोलायेव आणि व्हिताली सेवास्त्यानोव हे सोव्हिएत अंतराळवीर सोयूझ-९ मधून जवळजवळ अठरा दिवसांनी परतले, तेव्हा त्यांची अवस्था खरोखर वाईट होती. त्यांना आधाराशिवाय उभेही राहता येत नव्हते. अंतराळात रोज कसून व्यायाम करण्याची शिस्त त्यानंतर पक्की झाली. २००६ च्या सप्टेंबरमध्ये अटलांटिस यान उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यूस्टन येथे स्वागतसमारंभ चालू असताना हायडेमेरी स्टेफानिशिन-पायपर भाषण करता करता कोसळल्या, सावरल्या आणि पुन्हा कोसळल्या. त्यांचे उड्डाण केवळ बारा दिवसांचे होते.

शटलच्या काळातील एक अभ्यास तर माझ्या मते या विषयाचा पाया आहे. नऊ ते चौदा दिवसांच्या तीन मोहिमांतील चौदा अंतराळवीरांना उतरल्यानंतर काही तासांत दहा मिनिटे नुसते उभे राहण्यास सांगितले गेले. चौदापैकी नऊ जणांना ती दहा मिनिटे पूर्ण करता आली नाहीत. हे सगळे निवडून घेतलेले, तंदुरुस्त लोक होते.

असे का होते, याचे पहिले कारण रक्ताचे एकूण आकारमान हे आहे. छातीत रक्त भरल्याची जाणीव झाली की शरीर 'पाणी जास्त झाले' असे मानते. तहान कमी होते, काही द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर ऊतींमध्ये जातो, आणि पहिल्या काही दिवसांतच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पाणीदार भाग, सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घटतो. पुढे तांबड्या पेशीही कमी होतात. सहा महिने स्थानकावर राहिलेल्या १४ अंतराळवीरांवरील २०२२ च्या कॅनडातील अभ्यासानुसार, जमिनीवर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी नष्ट होतात, तर अंतराळात तीस लाख. एवढे कमी रक्त अंतराळात पुरेसे असते, कारण ते पायांत साचतच नाही. पृथ्वीवर दार उघडून उभे राहिले की अर्धा-पाऊण लिटर पुन्हा खाली उतरते आणि वरच्या भागात मग पुरेसे उरत नाही.

हे एवढेच कारण असते तर सर्वच अंतराळवीरांना सारखा त्रास झाला असता. वर सांगितलेल्या चौदा जणांत, उभे राहिल्यावर दर ठोक्यातील रक्त सगळ्यांचेच घटले होते. दहा मिनिटे जे टिकले त्यांच्या रक्तवाहिन्या अधिक आकसल्या आणि जे टिकले नाहीत त्यांच्या तेवढ्या आकसल्या नाहीत. मग ही आज्ञा देणारी चेतासंस्थाच मंदावते काय? येथे संशोधकांत खरा मतभेद झाला. मानेला विशेष पट्टा बांधून, त्यातील दाब बदलून दाबसंवेदकांना डिवचण्याचा प्रयोग चार-पाच दिवसांच्या उड्डाणांनंतर केला गेला, तेव्हा हृदयाच्या वेगाचा प्रतिसाद दबलेला आढळला. ज्यांना भोवळ आली त्यांच्या रक्तात उभे राहिल्यावर नॉरएपिनेफ्रिन हे रक्तवाहिन्या आकसवणारे द्रव्य अपेक्षेपेक्षा कमी वाढले, असेही दिसले. याउलट १९९८ च्या न्यूरोलॅब मोहिमेत पायातील मज्जातंतूत बारीक सुई खुपसून, अंतराळातच, रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या संदेशांची प्रत्यक्ष नोंद घेतली गेली, आणि ते संदेश व्यवस्थित जात असल्याचे आढळले. माझे मत असे, की रक्ताचे घटलेले आकारमान हे सर्वांना लागू असणारे कारण आहे, आणि कोणाच्या रक्तवाहिन्यांत आणखी आकसण्याची किती शिल्लक उरलेली असते, यावर कोण उभा राहील आणि कोण बसेल हे ठरते. परंतु दोन्हींपैकी कोणतीही बाजू 'यंत्रणा मोडली' असे म्हणत नाही.

आता सुनीता विल्यम्स यांच्या स्ट्रेचरविषयी. दीर्घ मुक्कामाहून परतणाऱ्या प्रत्येकाला यानाच्या कुपीतून (कॅप्सूलमधून) उचलून घेणे ही ठरलेली पद्धत आहे. त्या दिवशी त्यांच्यासोबत आलेल्या इतरांनाही तसेच नेण्यात आले. त्यात रक्तदाबाचा भाग आहे, पण त्याहून मोठा भाग तोलाचा आहे. आपल्या कानाच्या आतील भागात सूक्ष्म खड्यांसारखे कण असतात, ज्यांच्या भाराने 'खाली' कोणते हे मेंदूला कळते. नऊ महिने त्यांच्याकडून काहीच कळत नव्हते. आता एकाएकी पुन्हा कळू लागते आणि मेंदू गोंधळतो. मान वळवली तरी भोवती सगळे फिरते. लाटांवर हेलकावे खाल्लेल्या कुपीतून अशा माणसाला पायांनी चालत आणणे हा पडण्याला निमंत्रण देण्याचा प्रकार झाला असता. शुक्ला सुमारे वीस दिवसांनी परतले आणि बाहेर येताच दोघांच्या आधाराने उभे राहिले व पावले टाकली, हेही चित्रणात सर्वांनी पाहिले आहे. संदेश पाठवणाऱ्यांनी ते वगळले.

'यंत्रणा कायमची बिघडते, पुढे हृदयविकाराने मृत्यू येतो'

या विधानाला मी सर्वांत ठामपणे नकार देतो, कारण याविरुद्धचा पुरावा थेट मोजणीचा आहे.

टेक्सासमधील संशोधकांनी २०१९ मध्ये बारा अंतराळवीरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ पुरुष आणि चार स्त्रिया, मुक्काम सुमारे सहा महिन्यांचा. उड्डाणापूर्वी, उड्डाणात आणि परतल्यावर, दैनंदिन हालचाली चालू असतानाच त्यांचा रक्तदाब चोवीस तास, प्रत्येक ठोक्यागणिक नोंदवला गेला. परतल्यावर रोजचे व्यवहार करताना त्यांपैकी एकालाही भोवळ आली नाही किंवा उभे राहिल्याने रक्तदाब कोसळला नाही. शटलच्या काळात दोन आठवड्यांच्या उड्डाणानंतर चौदापैकी नऊ जण दहा मिनिटे उभे राहू शकले नव्हते. येथे सहा महिन्यांनंतर बारापैकी बाराजण वावरत होते. दोन अभ्यासांतील चाचणी सारखी नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. एकात निश्चल उभे राहायचे होते, दुसऱ्यात हिंडायचे-फिरायचे होते आणि पोटऱ्या मदतीला होत्या. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तो पडला व्यायामाने आणि द्रवाने. स्थानकावर रोज सुमारे दोन तास पट्ट्याने बांधून घेऊन ट्रेडमिलवर धावणे, सायकल चालवणे आणि वजन उचलल्यासारखा ताण देणारा व्यायाम करणे बंधनकारक आहे, आणि या बाराही जणांना उतरल्यावर शिरेतून सलाइन देण्यात आले होते.

एकूणच परतीची तयारी काळजीपूर्वक केली जाते. आसन असे असते की उतरताना माणूस पाठीवर असतो आणि वेग घटण्याचा जोर छातीकडून पाठीकडे लागतो, डोक्याकडून पायांकडे नव्हे. पाय आणि पोट आवळून धरणारे घट्ट कपडे घातलेले असतात. रशियन अंतराळवीर परतीपूर्वी चिबिस नावाच्या विजारीसारख्या साधनात उभे राहून, कमरेखाली हवेचा दाब कमी करून रक्त पायांकडे ओढून घेण्याचा सराव करतात. पृथ्वीवर आल्यानंतर प्लाझ्मा काही दिवसांतच भरून येतो आणि उभे राहण्याची क्षमताही बहुतेकांत काही दिवसांत पूर्ववत होते. तांबड्या पेशींना काही महिने लागतात. नासाचा पुनर्वसनाचा कार्यक्रम ४५ दिवस, रोज दोन तास चालतो, आणि त्याचा मोठा भाग स्नायू, तोल आणि हाडे यांसाठी असतो.

मृत्यूंविषयीचा दावा कोठून आला असावा, याचा माग लागतो. २०१६ मध्ये एक शोधनिबंध आला, ज्यात चंद्रापर्यंत जाऊन आलेल्या आणि तोवर मरण पावलेल्या अपोलो अंतराळवीरांपैकी ४३ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेले असे म्हटले होते. कधीच उड्डाण न केलेल्या अंतराळवीरांत हे प्रमाण ९ टक्के होते. बातम्यांत 'चौपट-पाचपट' हा शब्द झळकला. पण मूळ संख्या पाहावी : मृत व्यक्ती सात, त्यांपैकी तिघे. या तिघांपैकी एक अपोलो-१५ चे जेम्स आयर्विन, ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत त्या चंद्रमोहिमेतच अनियमितता दिसली होती आणि जे १९९१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले. दुसरीकडे दोनदा चंद्रापर्यंत जाऊन आलेले जिम लॉव्हेल २०२५ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी वारले. आयर्विन यांच्यावरून जसा नियम काढता येत नाही, तसा लॉव्हेल यांच्यावरूनही नाही. सात जणांत एक मृत्यू इकडचा तिकडे झाला तर टक्केवारी चौदाने बदलते. शिवाय त्या निबंधाचा रोख अंतराळातील प्रारणाकडे, म्हणजे रेडिएशनकडे होता. उभे राहताना होणाऱ्या रक्तदाबाच्या नियमनाशी त्याचा संबंध संदेश लिहिणाऱ्याने जोडला.

'नासाचे मीठ-पाणी रोज सकाळी प्या'

अंतराळवीर मीठ आणि पाणी घेतात, हे खरे आहे. शटलच्या काळात परतीच्या सुमारे एक-दोन तास आधी एक-एक ग्रॅम मिठाच्या आठ गोळ्या आणि त्यांवर सुमारे ९०० मिलिलिटर पाणी घेण्याची पद्धत होती. पुढे हे प्रमाण वजनानुसार ठरू लागले. मीठ पाण्याला धरून ठेवते, प्लाझ्मा काही तासांपुरता भरतो, आणि उतरतानाचे व उतरल्यानंतरचे पहिले काही तास निभावतात. एका मोहिमेत एकदा, रक्ताचे आकारमान घटलेल्या माणसाला, वैद्यकीय देखरेखीखाली. यात 'रोज सकाळी' कोठेही नाही, आणि रक्तदाब कमी करणे हा हेतू तर नाहीच. तो पडू नये म्हणून वाढवून धरणे हा आहे.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला याच्या उलट हवे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. संदेशातील एक चमचा मीठ म्हणजे जवळपास तेवढेच झाले, आणि ते लोणचे, पापड, आमटी, भाकरी यांच्या वर. काही रुग्णांना, ज्यांचा रक्तदाब उभे राहिल्यावर फार खाली जातो आणि एरवी वाढलेला नसतो, डॉक्टर मुद्दाम अधिक मीठ घ्यायला सांगतात. पण ते रुग्ण तपासून, त्याचे मूत्रपिंड व हृदय पाहून ठरवले जाते. मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदय खरोखरच कमकुवत असलेल्या माणसाने हा संदेश मनावर घेतला, तर त्याच्या फुप्फुसांत पाणी साचू शकते. संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता हे मी जाणतो, कारण त्यांपैकी बहुतेकांना मी ओळखतो. म्हणूनच माझी त्यांना हात जोडून विनंती आहे, की ज्या गटांवर तो पाठवला त्या गटांवर 'ते मीठ-पाणी घेऊ नका' एवढे एक वाक्य आजच लिहावे.

आता काकांचे आकडे. त्या सकाळी त्यांना पाच मिनिटे स्वस्थ आडवे राहू दिले आणि मग मोजले : १७२/९४, नाडी ७२. नंतर त्यांना उभे केले, काकूंना एका बाजूला उभे राहायला सांगितले, आणि एका मिनिटाने पुन्हा मोजले : १४४/८४, नाडी ७५. तीन मिनिटांनी १४६/८४. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्याला उभे राहण्याने होणारा रक्तदाबाचा ऱ्हास म्हणतात. काकांचा वरचा २८ ने उतरला आणि त्या मानाने नाडी फक्त तीनने वाढली. म्हणजे त्यांची अंधारीची तक्रार अगदी खरी होती आणि तिची जात अंतराळवीरांच्या तक्रारीचीच होती. पण काकांच्या शरीरात रक्त कमी पडलेले नव्हते. उतारवयात दाबसंवेदकांचा प्रतिसाद मंदावतो आणि धमन्या कडक होतात. त्यावर मिठाने आडवेपणीचा दाब मात्र आणखी वर नेऊन ठेवला होता. मी त्यांना मीठ-पाणी बंद करायला सांगितले आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

डॉक्टरांनी पिशवी उलटी केली तेव्हा त्यातून प्रोस्टेटची एक गोळी निघाली. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या तक्रारीसाठी दुसरीकडे दाखवले असताना ती सुरू झाली होती, आणि ती रक्तवाहिन्याही सैल करते. अंधारी त्याच सुमारास सुरू झाली होती, हे काकूंना मग आठवले. गोळी बदलून दिली गेली. तीन आठवड्यांनी मी पुन्हा मोजले : आडवे असताना १३८/८२, उभे राहून एका मिनिटाने १२६/७८. काका आता उठताना आधी पलंगाच्या कडेला बसतात, पाय खाली सोडून घोटे वीस वेळा वर-खाली करतात, आणि मग उभे राहतात.